ढब्बूचं नाक: प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, घरात काहीही बिघडलं की आधी शीट उघडते आणि मग माणसांना सांगते. तर आजपासून हे शीट ढब्बूच्या नाकाचं.

ढब्बू म्हणजे आमचा ससा. वय साधारण चार, करडा-पांढरा, तोंड चपटं. वजन आज १ किलो ६२० ग्रॅम (स्वयंपाकाच्या काट्यावर परात ठेवून त्यात बसवला आणि परातीचं वजन वजा केलं, तीन वेळा उडी मारली त्याने). खालच्या मजल्यावरचे लोक बदली होऊन नाशिकला गेले तेव्हा "दोन महिने सांभाळा" म्हणून देऊन गेले, त्याला आता तीन वर्षं होतील.

तक्रार अशी की आठवडाभर शिंका चालू आहेत, झोपला की नाकातून बारीक शिट्टी वाजते, आणि पुढच्या दोन्ही पंज्यांची आतली बाजू चिकट होऊन केसांच्या गुठळ्या झाल्यात. हे पंज्यांचं मला आज कळलं. ससा रुमाल तर वापरत नाही, नाक पंज्यांनीच पुसतो, त्यामुळे नाकाखाली सगळं स्वच्छ दिसतं आणि शेंबूड सापडतो हातावर. लहान मुलाच्या शर्टाची बाही बघावी तसं.

आई म्हणाली पाऊस लागलाय, सर्दी झाली असेल. बाबा म्हणाले मेट्रोच्या कामाची धूळ (आम्ही ठाण्यात मानपाड्याला, खिडकी घोडबंदर रोडकडे). वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या छातीला बाम चोळ. बाम अजिबात नको काकू, एवढ्याशा नाकाला तो कापूर आणि मेंथॉल म्हणजे आगीत तेल.

१५ जून

श्वास मोजायचा प्रयत्न केला आणि स्वतःची फजिती करून घेतली. मिनिटाला १३२! सशाचा श्वास शांत असताना मिनिटाला ३० ते ६० असतो हे वाचलेलं होतं त्यामुळे मी इकडे रडायच्या बेतात, आणि बाबा चष्मा लावून बघतात तर म्हणे, "अगं, तू नाकाचं हलणं मोजतेयस." खरंच. सशाचं नाक सारखं फुरफुरत असतं, ते वास घेणं, तो श्वास नाही. श्वास कुशीवर मोजायचा, बरगड्यांच्या मागे जिथे अंग भात्यासारखं आत-बाहेर होतं तिथे.

आता पद्धत अशी ठरली: ढब्बू झोपला किंवा पसरला की लांबून ३० सेकंदांचा व्हिडिओ काढायचा, नंतर स्लो करून कुशीचे हेलकावे मोजायचे, गुणिले दोन. हातात धरून मोजायचं नाही, धरलं की घाबरून आकडा वाढतोच. आजचे तीन व्हिडिओ: ५८, ६२, ६०. वरच्या टोकाला आहे पण पळापळ करण्याइतकं नाही.

एक गोष्ट मात्र लाल अक्षरात लिहून फ्रिजवर लावली: तोंड उघडून श्वास घेतला तर थांबायचं नाही, गाडी काढायची. सशाच्या घशाची रचनाच अशी असते की श्वासनलिकेचं झाकण टाळूच्या वर अडकून बसलेलं असतं, हवा सरळ नाकातून खाली जाते. माणसासारखं "नाक चोंदलं तर तोंडाने घेऊ" हा पर्याय त्याला जवळजवळ नाहीच. तोंड उघडलं म्हणजे सगळे उपाय संपलेत असं समजायचं.

२१ जून

आज ड्राय बाल्कनीचा पंचनामा. ढब्बूचा पिंजरा तिथेच असतो, वॉशिंग मशीनच्या शेजारी. पावसामुळे गेले दोन आठवडे झडपा बंद होत्या. मी खाली बसून, डोकं त्याच्या उंचीला आणून पाच मिनिटं श्वास घेतला (आईने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, धन्यवाद आई). उभं राहिल्यावर काहीच जाणवत नाही पण ट्रेच्या वर वीतभर अंतरावर डोळे चुरचुरतात. अमोनिया. शू ट्रेमध्ये मुरते, दमट हवेत वाळत नाही, आणि ढब्बू दिवसाचे वीस तास तिथे नाक खुपसून बसतो. अमोनियाने नाकाची आतली त्वचा सुजते आणि जंतूंना आयतं रान मिळतं.

त्यात ट्रेमध्ये आम्ही टाकत होतो सुताराकडचा भुसा. फुकट मिळतो म्हणून! प्लायवूडची बारीक पूड, वर पाईनचा वास. तीन वर्षं. असो.

बदल आजपासून: भुसा बंद. खाली वर्तमानपत्राचे चार थर, वर सुक्या गवताचा जाड थर, ट्रे रोज सकाळी रिकामा. ट्रेला चिकटलेला पांढरा खडूसारखा थर (सशाच्या शूमध्ये कॅल्शियम भरपूर असतं) साध्या व्हिनेगरने निघाला, फिनेल नको. पिंजरा हॉलमध्ये आला. हॉलमध्ये ससा म्हटल्यावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता पण दुपारी सिरियल बघताना हात आपोआप खाली गेलाच.

२२ जून

जवळच्या एका क्लिनिकमध्ये नेलं. तिथे मुख्यतः कुत्री-मांजरी येतात. डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं, "सर्दी आहे" म्हणाले आणि अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं, लहान मुलांचं असतं तेच. केमिस्टने बाटली हातात पण दिली.

मी दिलं नाही. पेनिसिलिन घराण्यातली औषधं सशाला तोंडाने द्यायची नसतात हे ससे पाळणाऱ्या लोकांमध्ये पहिल्या धड्यातलं आहे. सशाचं पोट चालतं ते मोठ्या आतड्याच्या पिशवीतल्या चांगल्या जंतूंवर. हे औषध त्यांना मारतं, मग क्लॉस्ट्रिडियमसारखे वाईट जंतू माजतात, विष तयार होतं आणि जुलाब होऊन ससा दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांचंही तसंच. कोणाला वाटेल मी डॉक्टरांपेक्षा शहाणी झाले, पण कुत्र्याला चालतं ते सशाला चालत नाही हे त्यांनी सांगायला हवं होतं, किंवा "मला सशाचं येत नाही" एवढं तरी. ते म्हटलं असतं तर मी पाया पडले असते.

बाटली कपाटात, वर चिकटपट्टी: "ढब्बूचं नाही".

२६ जून

ऑफिसमधल्या एकीने पत्ता दिला, सशा-पक्ष्यांच्या डॉक्टर आहेत, नवी मुंबईत. हाफ डे टाकला. कळव्याचा पूल ओलांडून ठाणे-बेलापूर रोडने, पाऊस, ट्रॅफिक, ढब्बू बास्केटमध्ये मागे वळून बसलेला, माझ्याकडे पाठ करून. कॅबवाल्याने आधी विचारलं मांजर आहे का, मग म्हणाला ससा शुभ असतो. असेल.

डॉक्टर मॅडमनी आधी त्याला टेबलावर मोकळा सोडला आणि नुसतं बघत राहिल्या. मग छातीला स्टेथोस्कोप, मग तोंडात दिव्याची नळी घालून दात. मी नाकासाठी आणलंय म्हटलं तर म्हणाल्या, "सशाचं नाक, डोळे आणि दात वेगवेगळे नसतात हो, एकाच चाळीतल्या खोल्या आहेत." हे वाक्य मी हसून सोडून दिलं. सोडायला नको होतं.

फुप्फुसं आज तरी साफ. नाकात खोलवर बारीक काडी घालून स्वॅब घेतला, लॅबमध्ये जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघतील. तोपर्यंत साध्या सलाइनचं नेब्युलायझेशन, म्हणजे मशीनने त्याचं धुकं करून श्वासातून द्यायचं, दिवसातून दोनदा, दहा मिनिटं. औषधबिषध काही नाही, नुसतं ०.९ टक्के सलाइन, आतला शेंबूड ओला होऊन सुटायला. वजन रोज घ्यायला सांगितलं, कारण ससा वासावर खातो, नाक बंद झालं की खाणं कमी, आणि सशाने दहा-बारा तास खाल्लं नाही की आतडी थंड पडतात. नाकाने नाही तर पोटाने मरतो, असं सरळच सांगितलं त्यांनी. मला असे डॉक्टर आवडतात.

२९ जून, रविवार

आजचा दिवस बाबांचा. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं फिटर होते, रिटायर झाल्यापासून घरातल्या प्रत्येक नळाचा वॉशर तीनदा बदलून झालाय, त्यामुळे नेब्युलायझरची पेटी करायची म्हटल्यावर आंघोळीच्या आधीच टेप घेऊन हजर.

सामान: जांभळी नाक्यावरून आणलेला ५० लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा झाकणासकट, ताईच्या मुलाचा जुना कॉम्प्रेसर नेब्युलायझर, नळी, जुना टॉवेल. बाबांनी सोल्डरिंग आयर्नने एका बाजूला वर नळीचं भोक पाडलं, कडा फाईलने घासल्या (चावेल म्हणून), आणि समोरच्या बाजूला खाली पाच भोकं हवा बाहेर जायला. मी म्हटलं दोन पुरतील. ते म्हणाले, "तू बसतेस का आत?" पाच पाडली.

पहिली ट्रायल, ससा न बसवता, आत घरातलं छोटं तापमान-आर्द्रता मीटर: सुरुवातीला २९ अंश, ७८ टक्के. दहा मिनिटांनी ३० अंश, ९६ टक्के. चालेल. झाकण पूर्ण बंद केलं तर कोंडतं म्हणून एका कोपऱ्यात लाकडी चिमटा अडकवून फट ठेवली. सशाला घाम येत नाही, कानांतून उष्णता सोडतो, तापमान तिशीकडे गेलं की त्याला जडच जातं, त्यामुळे पंखा चालू आणि मी शेजारी, हा नियम.

दुसरी ट्रायल ढब्बूसह. कॉम्प्रेसर सुरू केल्याबरोबर ट्रॅक्टरसारखा आवाज, ढब्बूने मागचे पाय असे आपटले की खालच्या काकांनी वर फोन केला. ४० सेकंदांत बंद.

३ जुलै

आवाजाचा प्रश्न सुटला: मशीन बेडरूममध्ये, दार ओढून घेतलेलं, नळी दाराखालून, पेटी हॉलमध्ये. लांब नळीने धुकं थोडं पातळ येतं, मग दहाऐवजी बारा मिनिटं. पेटीत त्याचा रोजचा टॉवेल आणि चार कोथिंबिरीच्या काड्या. पाचव्या दिवशी तो स्वतःहून आत जाऊन बसला, कोथिंबिरीसाठी अर्थात.

बारा मिनिटांनंतर सलग सात-आठ शिंका येतात आणि पांढरी जाड गुठळी पडते. घाण वाटेल वाचायला पण मला इतका आनंद होतो ना.

स्वॅबचा रिपोर्ट आला. पाश्चुरेला. सशांच्या नाकाच्या आजारात हे नाव पहिलं येतं, पण मॅडम म्हणाल्या की हा जंतू पुष्कळ धडधाकट सशांच्या नाकातही गप्प बसलेला असतो, त्यामुळे "सापडला" म्हणजे "कळलं" असं नाही, तो आत्ताच का उठला हे बघावं लागेल. दोन आठवड्यांचा एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स, डोस त्यांनी वजनावर काढून दिला.

१३ जुलै

गवत. ऑनलाइन येणारं टिमोथी महाग, त्यात पाकिटाच्या तळाला सगळा चुरा. आणि पावसात उघडं पाकीट चार दिवसांत मऊ पडून कुबट वास मारतं, त्यात बुरशी, ती परत नाकात. आज गच्चीवर मास्क लावून भाजीच्या क्रेटमधून एक किलो गवत झाडलं, खाली पेपरवर पडलेली धूळ आणि चुरा काट्यावर ४१ ग्रॅम. हे सगळं आत्तापर्यंत कोणाच्या नाकात जात होतं ते वेगळं सांगायला नको. आता झाडून, घट्ट झाकणाच्या पिंपात. वरून थोडं पाणी शिंपडून द्यायचं, आणि शिंपडलेलं उरलं तर संध्याकाळी फेकायचं.

वजन १ किलो ६१०. श्वास ४६ ते ५०. शिंका दिवसाला ३. मी ऑफिसात चहा पाजला सगळ्यांना.

२७ जुलै

चहा परत मागावा लागेल. १७ तारखेला कोर्स संपला, २५ ला शिट्टी परत. आज श्वास ५६ ते ६४, शिंका ११, पंजे चिकट. वजन १ किलो ५७०.

चिडचिड झाली. ट्रे स्वच्छ, गवत झाडलेलं, पेटी चालू, औषध झालं. मग काय राहिलं? रात्री शीट घेऊन बसले. कामावर पण असंच होतं, बग फिक्स केला, आठ दिवसांनी तोच बग परत आला, तर फिक्स चुकीच्या जागी केलाय हे समजायचं. मग सगळे जुने व्हिडिओ परत पाहिले, श्वास मोजायला नाही, नुसतं तोंड बघायला. चेहरा नीट दिसतो असे ३४ सापडले. त्यातल्या ३१ मध्ये ओलसरपणा डाव्या नाकपुडीला. उजवी कोरडी. दोन्हीकडे असं फक्त तीनदा.

माझ्या शीटमध्ये तारीख, वेळ, श्वास, शिंका, वजन, लेंड्या, तापमान, आर्द्रता, सगळे कॉलम होते. कुठली नाकपुडी हा कॉलमच नव्हता. जवळजवळ दीड महिना.

२ ऑगस्ट

डाव्या बाजूने हवा जाते की नाही ते घरी तपासायचा प्रयोग. पहिला प्रयत्न: फ्रिजमध्ये ठेवलेला स्टीलचा चमचा नाकासमोर धरायचा आणि कुठल्या बाजूला वाफ धरते ते बघायचं. ठाण्यात ऑगस्टमध्ये फ्रिजमधला चमचा बाहेर काढला की तो स्वतःच घामाघूम होतो, ढब्बूपर्यंत पोचायच्या आधीच. फेल.

दुसरा प्रयत्न देवघरातून आला. आई वाती वळत बसली होती, कापसाचा एक तंतू तिच्या बोटाला चिकटून तिच्याच श्वासाने हलत होता. तेच घेतलं. वातीतून एक सुटा धागा ओढला, बोटभर लांब, चिमट्यात धरला आणि पंखा बंद करून ढब्बूच्या नाकपुडीसमोर, न टेकवता. बाबांनी त्याला मांडीवर टॉवेलात गुंडाळून धरलेलं, मी जमिनीवर पालथी, आई टॉर्च घेऊन.

उजवीकडे धागा आत-बाहेर, आत-बाहेर, एकसारखा. डावीकडे धागा लटकून राहिला. नाक फुरफुरतंय, मिशा हलतायत, धागा नाही. आम्ही तिघंही श्वास धरून बसलेलो. मग एकदाच थोडासा थरथरला आणि परत गप्प. सहा वेळा केलं, बाजू बदलून, चिमटा दुसऱ्या हातात घेऊन. दरवेळी तेच.

आणि तेवढ्या जवळून बघताना दिसलं की डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखालचे केस ओले आणि थोडे विरळ झालेत. आई म्हणाली ते तर कधीपासून आहे, मला वाटलं तो भावुक आहे.

एकाच चाळीतल्या खोल्या. मॅडमना रात्रीच मेसेज टाकला, व्हिडिओसकट.

१४ ऑगस्ट

आज डोक्याचा एक्स-रे, गुंगी देऊन. सकाळी आईने त्याचं गवत उचलून ठेवलं होतं, "ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात ना." नाही, सशाला नाही! सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे माणसासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं कारण नाही, उलट पोट रिकामं राहिलं तर धोका. डबा भरून घेऊन गेलो त्याच्या आवडीचा.

एक्स-रे स्क्रीनवर लावून मॅडमनी पेनाने दाखवलं. सशाचे सगळे २८ दात जन्मभर वाढत राहतात, समोरचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर. वाढतात आणि चावण्याने झिजतात, हिशोब जुळलेला असतो. झीज कमी पडली किंवा दात एकमेकांवर नीट बसत नसले की दात पुढे वाढतो तसा मागेही, म्हणजे मुळाकडून कवटीत सरकतो. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी बारीक नळी वरच्या पुढच्या दाताच्या मुळाला अगदी लागून जाते. ढब्बूच्या डाव्या वरच्या दाताचं मूळ मागे सरकून त्या नळीवर दाबतंय. नळी तुंबली, डोळा वाहू लागला, तुंबलेल्या जागी जंतूंनी घर केलं, ते नाकात उतरत राहिलं. औषधाने जंतू कमी व्हायचे पण तुंबलेलं तिथेच. चपट्या तोंडाच्या सशांमध्ये हे जास्त दिसतं, जबडा आखूड, दात तेवढेच.

बाबा घरी ऐकून म्हणाले, "म्हणजे रोगाचं मूळ दाताच्या मुळात." तीस वर्षं फिटर होते, हा विनोद ते वर्षभर पुरवतील.

नळी धुतली. सशाच्या खालच्या पापणीला आत एकच बारीक भोक असतं, त्यात केसाएवढी नळी घालून सलाइन सोडतात. आधी काही येईना, मग नाकातून पांढरा जाड गोळा बाहेर आला. मला वाटलं होतं पू म्हणजे पातळ. सशाचा पू चक्क्यासारखा असतो, फडक्यात बांधलेल्या दह्याच्या, म्हणूनच तो आपोआप वाहून जात नाही.

रात्री १:२०

खात नाही. घरी आल्यापासून सात तास झाले, कोपऱ्यात गोळा होऊन बसलाय, दात करकर वाजवतोय, ते दुखण्याचं लक्षण. दुखण्याचं औषध दिलंय. ट्रेमध्ये एकही लेंडी नाही. मॅडमनी दिलेली गवताची पावडर पाण्यात कालवून सिरिंजने बाजूने थोडी थोडी देतेय, अर्धी माझ्या टीशर्टवर. नाक आधीच बारीक, त्यामुळे घाई करता येत नाही, ठसका लागला तर फुप्फुसात जाईल. एक मिली, थांब, गिळू दे, परत.

३:०५

लेंड्या. चार. लहान आणि वाकड्या आहेत पण चार आहेत. बाबा जागे होते, म्हणाले किती, मी म्हटलं चार, म्हणाले झोप आता.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

धागा दोन्हीकडे हलतोय १८ तारखेपासून. श्वास ४४ ते ४८. वजन १ किलो ५९०.

गणपतीत त्याला आतल्या खोलीत हलवलं, हॉलमध्ये धूप, कापूर, अगरबत्ती. मामा म्हणाला एवढ्याशा धुराने काय होतंय. त्याला म्हटलं तू तोंडाने श्वास घेऊ शकतोस.

जांभळी नाक्यावरून दूर्वांच्या जुड्या आणल्या होत्या, जास्तीच्या धुऊन, नीट कोरड्या करून ढब्बूला दिल्या. दूर्वा म्हणजे शेवटी हरळीच. लांब तंतुमय गवत आडवं चघळावं लागतं त्याने दात झिजतात, पेलेटने (दुकानातलं गोळ्यांचं खाणं) नाही, ते दोन चाव्यात संपतं. आणि आई रोज दुपारी गुपचूप देत होती ते ग्लुकोजचं बिस्किट तर बंदच. हे आजच उघड झालं. तीन वर्षं रोज अर्धं. आईवर ओरडणार होते पण तिचाच चेहरा पडला, म्हटलं जाऊ दे, आणि मॅडम म्हणाल्याच होत्या की हाडाची ठेवण हे मोठं कारण आहे. पेलेट आता दिवसाला दोन चमचे, बाकी गवतच गवत.

२१ सप्टेंबर

विशेष काही नाही. डोळा ओला झाला, सलाइनने पुसला. पेटी दिवसातून एकदा. ताईने बिनआवाजाचा मेश नेब्युलायझर घेतला मुलाला, तो रविवारी उधार. बेडरूममधून नळी ओढायची कटकट गेली आणि बाबा जरा नाराज आहेत.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

संध्याकाळी सात ते अकरा सगळ्या खिडक्या बंद, ओल्या चादरी फटींना, एसी. तरी धूर येतोच. श्वास ९ वाजता ६८, ११ वाजता ७२, धागा डावीकडे मंद. दोन वेळा सलाइन दिलं, शांत बसला. सकाळी ५२. बिल्डिंगच्या ग्रुपवर फटाक्यांबद्दल लिहिलं तर तीन अंगठे आणि एक "हॅपी दिवाली मॅडम".

८ नोव्हेंबर

डावी नळी परत तुंबली, दुसऱ्यांदा धुतली. यावेळी कमी निघालं, आणि घरी येऊन तासाभरात खाल्लं. नवा एक्स-रे: मूळ ऑगस्टपेक्षा मागे गेलेलं नाही पण पुढेही आलेलं नाही. येणारही नाही.

मॅडमनी दोन रस्ते सांगितले. एक, असंच चालू ठेवायचं, नळी दर तीन-चार महिन्यांनी धुवायची, प्रत्येक वेळी गुंगी. दुसरा, समोरचे दात काढून टाकायचे. समोरच्या दातांशिवाय ससे नीट जगतात, ओठांनी आणि जिभेने उचलून मागच्या दाढांनी चघळतात, फक्त गाजरबिजर किसून द्यावं लागतं. पण मोठं ऑपरेशन आहे, आणि भूल दिल्यावर नाकच बारीक असलेला ससा म्हणजे भूल देणाऱ्यालाही घाम. माझं मन दुसऱ्याकडे, आईचं पहिल्याकडे, बाबा म्हणतात फुप्फुसांचा एक्स-रे काढून मग ठरवू, जे खरं तर सगळ्यात बरोबर आहे. २२ तारखेची वेळ घेतली.

आजचं: वजन १ किलो ६४०. श्वास ४६. शिंका २. नाकपुडी: दोन्ही कोरड्या. डावा डोळा: थोडा ओला. धागा: उजवीकडे हलला. डावीकडे हलला, आणि मी व्हिडिओ बघत असताना त्याने मान पुढे करून धागा हिसकावला, अर्धा तोंडात, चिमट्याने ओढून काढावा लागला. आईला नवीन वात मागितली.